डाव्या हाताचा बास

"हॅलो?… हॅलो, ओपारे मामा? उचललात एकदाचा!… अहो मी, ओफोरिवा… डार्कोंची ओफोरिवा, दुसरी कोण! नऊ वेळा लावला फोन. नऊ वेळा! कुठे आहात तुम्ही?"

मांडवाच्या मागे, जनरेटरपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब येऊन ती उभी होती. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. फोन इतका दाबून धरलेला की कानातलं गालात रुतत होतं. पुढे तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि काळ्या-लाल कापडांतली माणसं येऊन बसायला लागली होती. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनला बँड सुरू व्हायचा होता, आणि बँडमधला बास गिटारवाला गिटारसकट बेपत्ता होता.

"नाही, येतोय आवाज… तुटक येतोय, पण येतोय. जेवायला गेलात ना? मी सगळ्यांना तेच सांगितलं, मामा कोपऱ्यावर केंके-मासे खायला गेलेत, येतील इतक्यात… काय?… कुठल्या गाडीत?… अक्राच्या?… मामा, थट्टा नको हं. आज नको."

"…"

"बसलात? म्हणजे आत बसलात? गिटार घेऊन?… मांडीवर?… अहो पण का! काय झालं काय!… असं 'काही नाही' म्हणून कोण उठून जातं का? सकाळी माती दिली बाबांना. साडेबारापर्यंत तुम्ही इथे तालीम करत होतात. मी जरा पाहुण्यांकडे बघायला गेले, परत येते तर तुमचा स्टुलावरचा रुमालसुद्धा नाही. सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन निघालात!… बरं. बरं, आवाज नाही चढवत. गाडीत किती माणसं झालीत ते सांगा… मोजा ना जरा… तीन जागा रिकाम्या? नक्की तीन?"

तिने फोन कानावर जरा सैल धरला. सुहुमच्या अड्ड्यावरची गाडी शेवटचा माणूस चढल्याशिवाय जागची हलत नाही. आणि शनिवारच्या दुपारी सुहुमहून अक्राला जायचं कुणाला सुचणार? सगळं जग मयतीला इकडे येत असतं. तरी तीन म्हणजे तीनच. एखादं जोडपं आणि त्यांचं एक पोर आलं की संपलं.

"ऐका, मामा. मला माहितीये तुम्ही का गेलात. ग्यासीमुळे… हो, तोच, मिक्सरवरचा. मी त्याला चांगली झाडलीये. त्याने बाकीच्यांचे आवाज आभाळाला नेऊन टेकवले होते आणि बास तळघरात. तुमच्या पायाशी ठेवलेला स्पीकर तर तासभर बंदच होता, त्या शहाण्याच्या लक्षातच नाही… नाही? चालू होता?… मग अँप्लिफायर. तो भाड्याचा आहे, त्याच्या स्पीकरचा पडदा फाटलाय, मी कालच म्हटलं होतं… तेही नाही? मग ढोलवाला? त्याचा तो खालचा मोठा ढोल म्हणजे घरात गोणी आपटल्यासारखं… मामा, मग बोला ना! मी एकेक नाव घेते आणि तुम्ही नुसते 'नाही, नाही' करताय. मी काय करू, यादी वाचू?"

"…"

"कोण ओरडतोय तिथे? क्लीनर?… 'अक्रा अक्रा' ना? ओरडू दे. तुम्ही त्याला मदत करू नका म्हणजे झालं… मामा, अहो ऐका ना. बाबांच्या जुन्या बँडमधलं आता कोण उरलंय? दोघांना माती देऊन झाली. ट्रंपेटवाले काका अंथरुणाला खिळलेत. तुम्ही एकटे. त्यांचं गाणं त्यांच्याच मयतीला तुमच्याशिवाय… लोक काय म्हणतील? एमसीने सकाळीच माइकवर जाहीर केलंय तुमचं नाव, ती काळी पट्टीवाली टोपी घातलेली मंडळी तुमच्यासाठीच… काय? लोकांचं जाऊ दे?… बरं, गेले लोक. मग माझ्यासाठी या."

यावर पलीकडून आला नुसता गाडीच्या इंजिनाचा घरघराट, आणि उकडलेली अंडी विकणाऱ्या एखाद्या बाईची लांबलचक हाक. ओफोरिवाला राग येत होता. बाबा गेल्यापासून माती देईपर्यंतच्या तीन महिन्यांत राग येण्याजोगं तिने पुष्कळ सोसलं होतं, भाऊबंदांची भांडणं, शवागाराच्या फेऱ्या, मांडववाल्याचे नखरे. आता हा म्हातारा रुसून बसला होता आणि का ते सांगतही नव्हता.

"थांबा हं, एक मिनिट, ठेवू नका! आत्या काहीतरी म्हणतेय… काय गं आत्या?… हो, तेच आहेत फोनवर. अक्राच्या गाडीत बसलेत… अगं मी काय केलंय! मी काही… काय? पाणी?… कुणी दिलं असेल ना. इतकी माणसं होती… मी? नाही, मी नाही. मी जनरेटरच्या मागे होते… नाही गं, कुणी विचारलंही नसेल…"

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की छत्तीस वर्षांची बाई आठ वर्षांची झाली. मग आत्या आपलं लाल कापड सावरत निघून गेली.

"मामा?… आहात ना? मामा, तुम्ही सकाळी आलात तेव्हा… तुम्हाला पाणी दिलं का कुणी?… खरं सांगा… बसवलं?… कुणीच नाही?"

"…"

"'इतक्या गडबडीत कोण देणार' असं म्हणू नका, मामा. ते मी म्हणायचं, तुम्ही नाही. एकोणीस वर्षांनी माणूस दारात येतो. त्याला खुर्ची नाही, पाणी नाही, कसे आलात, काय निमित्त, एक शब्द नाही. मी काय केलं? वायर तुमच्या हातात दिली आणि म्हटलं, जोडा. इलेक्ट्रिशियनला सांगतात तसं… नाही, मला बोलू द्या. आता विचारते… हो, आत्ता. फोनवर. तुम्ही गाडीत बसलायत ना, मग बसलेलेच आहात. कुणी पाणी विकतंय का तिथे? घ्या एक पिशवी. माझ्या नावाने घ्या… घेतली? फोडा… प्या. मी थांबलेय."

तिने खरोखरच थांबून ऐकलं. घोट घेतल्याचा आवाज फोनमध्ये येत नाही, पण तिला तो आल्यासारखा वाटला. मग तिने पाठ ताठ केली आणि आवाज असा लावला, जसा तिचे वडील घरच्या ओट्यावर बसून पाहुण्यासाठी लावायचे.

"इथे आमच्याकडे सगळं शांत आहे, मामा. वाट चालून तुम्ही आलात. काय निमित्ताने येणं केलंत?"

दुसऱ्या कानातलं बोट तिने आणखी आत दाबलं.

"हं… हं… हो… रेडिओवर कळलं, बरं… मग?… गिटार पलंगाखाली होती… एकोणीस वर्षं?… तारा नव्या घातल्यात. तरीच म्हटलं… हं… एकदाच? एकदाच वाजवायचं होतं? जसं वाजवायचं तसं… आणि मग गिटार ठेवून द्यायची. हं… हो, ऐकतेय मामा, रडत नाहीये, धूर आहे इथे. पुढे सांगा… मग काय झालं?… तुम्ही तार छेडायच्या आधीच सूर येत होता… तुमचाच सूर. तुमच्याच गिटारसारखा… आणि तुम्हाला वाटलं…"

"…"

"नाही! नाही, मामा, देवाशपथ नाही!… ऐका तरी! तुम्हाला फक्त दाखवायला उभं केलंय, म्हातारा चुकेल म्हणून वरून झाकायला दुसरा बास ठेवलाय… असं कोण म्हणालं? कुणी म्हणालं तुम्हाला?… तुम्हालाच वाटलं. आणि मित्राच्या मयतीत तमाशा नको म्हणून न बोलता निघालात."

ती मटकन एका उलट्या क्रेटवर बसली. आता तिला सगळं कळलं होतं, आणि जे कळलं त्यात तिची बाजू घेण्याजोगं फारसं काही नव्हतं.

"मामा, तो सूर माझा होता… माझा. माझ्या डाव्या हाताचा. माझा कीबोर्ड आहे ना, तो मी मधोमध वाटून ठेवलाय. उजव्या अर्ध्यावर पियानो. डाव्या अर्ध्यावर बास गिटारचा आवाज… हो, यंत्रातला. आमच्या बँडमध्ये बासवाला नाहीच ना इतकी वर्षं, मग मीच वाजवते डाव्या हाताने. आज ते काढायचं विसरले. सकाळपासून डोकं ठिकाणावर होतं कुठे! बसले, हात ठेवले, आणि डावा हात आपला रोजच्यासारखा निघाला कामाला. तुम्ही आणि मी, दोघं एकाच जागी तेच सूर मारत होतो. सगळा गाळ झाला. तुम्हाला ऐकू येईना म्हणून तुम्ही आवाज वाढवलात, मला ऐकू येईना म्हणून मी वाढवला, आणि ग्यासी तिकडे डोकं खाजवतोय… हं… हो, विसरले. विसरलेच, पण…"

"…"

"काय? किती?… दोघी चढल्या? म्हणजे आता एकच जागा? मामा, उतरा खाली. उरलेलं इथे आल्यावर सांगते… नाही? आताच सांगू?"

पलीकडच्या म्हाताऱ्याने तिचं ते 'पण' ऐकलं होतं. बासवाल्यांना सगळं ऐकू येतं, दोन सुरांच्या मधलंसुद्धा.

"पहिल्यांदा विसरले. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा विसरले नव्हते. तिसऱ्या कडव्यात तुम्ही अडखळलात. वरून खाली येता येता एकदम थांबलात, काहीच नाही, चार ठोके नुसते रिकामे. मला वाटलं, तुम्ही विसरलात. आणि मी… मी डाव्या हाताचा आवाज चढवला आणि भरून काढलं. झाकलं तुम्हाला. म्हणजे तुम्हाला वाटलं ते खोटं नव्हतं, मामा. डाव्या हाताने आपण कुणाला पाणीसुद्धा देत नाही, आणि मी तुम्हाला हे दिलं… हं… आणि हे काही आजचं नाही. तुम्हाला बँडमधून काढलं तेव्हा मी सतराची होते. बाबांनी मला बोलावलं, म्हणाले, डाव्या हाताने ओपारेचं वाजवून दाखव. मी कॅसेट मागे-पुढे करून करून बसवलेलं, तुमचा सूर न् सूर. वाजवलं. किती खूश झाले होते ते! आणि पुढच्या रविवारी तुम्ही नव्हतात. मला कळलं होतं, मामा. सतरा म्हणजे काही लहान नाही. मला कळलं होतं आणि मला अभिमान वाटला होता."

"…"

"बोला काहीतरी. शिवी द्या… मामा?… हो, ते अडखळलात तेच, तिसऱ्या कडव्यातलं… अडखळला नव्हतात? मग काय होतं ते?… जागा? कसली जागा?… कॅसेटमध्ये नाही तसं काही. मी हजारदा ऐकलीये… थांबा, थांबा. ठेवू नका. मी कीबोर्डपाशी जाते."

ती उठली आणि खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत निघाली. कुणी हात पुढे केला, तिने नुसतं डोकं हलवलं. कुणी सांत्वनाचा शब्द टाकला, तो तिने ऐकलाच नाही.

"ग्यासी! डावा अर्धा बंद कर… अरे माझ्या कीबोर्डचा! बासचा आवाज काढ त्यातून, सगळाच काढ. आणि उरलेल्यातले खालचे सूर काप… हो, मला पातळ वाटलं तरी चालेल. मोठ्या स्पीकरवर नको सोडूस, हळू… मामा, ऐकू येतंय? फोन डाव्या हातात आहे, म्हणजे दुसरं काही करता येणारच नाही मला. नुसता उजवा हात वाजवतेय. तिसरं कडवं. तुम्ही तोंडाने म्हणा तुमचं… म्हणा ना! गाडीतली माणसं काय खाणारेत का तुम्हाला? म्हणा."

तिने वाजवायला सुरुवात केली. एका हाताचा तो पियानो उघडा-वाघडा वाटत होता. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मान वर केली. मग फोनमधून एक जाड, खरखरीत गुणगुण आली, आधी लाजत, मग पायाखालची जमीन सापडल्यासारखी. अड्ड्यावरच्या त्या बंद गाडीत कुणीतरी टाळीही धरली असावी.

"हं… बरोबर… हं, आता उतरणार… आणि… थांबलात. चार… हं, परत आलात. बरोबर ठोक्यावर आलात!"

ती स्वतःही थांबली.

"ही चूक नाहीये, मामा. हे तुम्ही मुद्दाम करता… दर वेळी? कॅसेटमध्ये का नाही मग?… त्या दिवशी स्टुडिओत ट्रंपेट होता तिथे. अस्सं. तो भरून गेला. मला कसं कळणार!… पण कशासाठी? चांगलं चाललेलं गाणं, मधेच चार ठोके… बाबांसाठी?… श्वास?"

"…"

"त्यांचा दमा… हो, होता की, पण स्टेजवर कधी… कधीच लागला नाही, लोक म्हणायचे, डार्कोला स्टेजवर धाप लागत नाही… तुम्ही द्यायचात. तिथे तुम्ही थांबायचात, लोकांना वाटायचं ठेक्याची गंमत आहे, नाचणारे तिथे पाय आपटायचे, आणि बाबा पाठ फिरवून श्वास घ्यायचे."

उजवा हात अजून पट्ट्यांवर होता. तिने तो उचलून मांडीवर ठेवला.

"मामा, बाबा तिसरं कडवं गातच नव्हते. तुम्ही गेल्यावर काही महिनेच गायले, मग सोडूनच दिलं. आम्हाला म्हणाले, लांबतं, लोक कंटाळतात. मी तिथे भरून वाजवायचे, मामा! जोरात वाजवायचे, तिथे माझा हात इतका छान पळायचा! एकदा ते मधेच खोकले तर मी आणखी चढवलं, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून… एकोणीस वर्षं. आणि मला एकदाही बोलले नाहीत. 'पोरी, जरा थांब', इतकंच म्हणायचं होतं. मी थांबले असते… थांबले असते ना?… का नाही बोलले?"

आता धुराचं निमित्तही तिने सांगितलं नाही. ग्यासी मिक्सरवर नको इतका वाकून बसला होता.

"हं… हं… हो. तुम्हाला काढलेलं कुठल्या तोंडाने सांगणार होते ते. हो… हो, मामा… कोण? कोण चढलं? शेवटची जागा?… मामा, उतरा! अहो उतरा ना, गाडी सुटतेय!… क्लीनरला फोन द्या, मी बोलते… भाऊ, त्या गिटारवाल्या बाबांना खाली उतरू दे… अरे माणूस दुसरा मिळेल तुला, मला नाही मिळणार… हॅलो?… हॅलो?"

दार आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी तणतणलं, कुणीतरी हसलं. इंजिन आधी मोठं झालं, मग लांब गेलं. ओफोरिवा उभी राहिली होती, कधी उठली ते तिचं तिला कळलं नव्हतं.

"मामा?… मामा!… उतरलात? रस्त्यावर आहात? गिटार?… आहे ना हातात?… देवा रे. पायी येऊ नका, टॅक्सी करा, चढ आहे… हो. हो, एक खुर्ची मांडून ठेवते, आणि पाणी मी स्वतः आणते, उजव्या हाताने… नाही, झाकणार नाही. वचन देते. बोटं अडली तर अडू देत, तार तुटली तर तुटू दे, खालचं सगळं तुमचं. माझा हात वरच राहील."

माइकवर एमसीने घसा साफ केला. वाडवडिलांच्या घरून मंडळी निघाली होती, मानकऱ्यांवर धरलेल्या छत्र्या दिसायला लागल्या होत्या.

"काय म्हणालात? गाडीचा आवाज आहे, परत बोला… आता ती जागा कशाला सोडायची?… हं. हो, बाबा नाहीत. खरंय… नाही, थांबा, मामा. तुम्ही विचारलंच नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. तालमीत नुसतंच वाजवलं आपण… गाणार कोण म्हणजे?… मीच. मी गाणार आहे… हो, तिन्ही कडवी."

"…"

"म्हणून म्हणते, सोडा. चारही ठोके सोडा, मामा. मला लागतील."